तळ्याकाठचं वेखंड

उमरखेड, २९ मे

प्रिय अर्पिता,

तू पांढरकवड्याला माहेरी गेलीस त्याला आज नववा दिवस. फोन लावला की तुझी आई उचलते आणि तू झोपली आहेस म्हणते. सकाळी, दुपारी, कधीही. तुझी ही सासू संशयी आहे हे तुला ठाऊकच आहे. पण पत्र तुलाच फोडावं लागेल, म्हणून लिहायला बसले.

यंदा भर उन्हाळ्यात झड लागली आणि ह्यांनी अंगणात खणलेल्या तळ्याभोवती तू झाडं लावत सुटलीस. आधी दाराच्या बाजूनं कर्दळ, तीही इतकी दाट की पाणी दिसेनासं झालं. हे गेल्यापासून मी त्या पाण्याकडे बघत चहा पिते, ते तुला खुपतं असं मी धरून चालले. मग शिंप्याकडे जाते म्हणून गेलीस आणि ओल्या फडक्यात काहीतरी गुंडाळून ओढणीआड घेऊन आलीस. पाण्याकाठी ते पुरताना चारदा मागं वळून पाहिलंस. मी खिडकीत होते. खरं सांगते, तुला कोणी काही मंतरून दिलं असेल, असंही मनात आलं. पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं मी, तरी आलं.

दुसऱ्या दिवशी उकरलं तर निघाल्या नुसत्या उग्र वासाच्या गाठाळ मुळ्या. तू धावत आलीस. म्हणालीस, "आई, राहू द्या न ते. एकदा लागलं का वर्षानुवर्षं फुटत राह्यते." मी म्हटलं, माझ्या जागेत मला न विचारता वर्षानुवर्षांचं काही लावायचं नाही. सगळं उकिरड्यावर फेकलं. तू दुपारच्या एसटीनं निघून गेलीस. राजूरला नोकरीवर असलेल्या ओमला मी फोनवर सांगितलं, तुझ्या बायकोला माहेरची आठवण आली.

काल शेजारच्या विमलताई आल्या. उकिरड्याकडे पाहून म्हणाल्या, "वेखंड काहून फेकलं वो बाई? लेकराच्या घुटीले लागते ते." मी आजवर वेखंड पाहिलं ते दुकानातलं, वाळकं. त्या गेल्यावर मी तिथंच ओल्या पायरीवर बसले. मग कर्दळही कळली. रांगतं मूल दारातून सरळ पाण्याकडेच निघालं असतं. गेल्या वर्षी मीच घाईनं गल्लीभर पेढे वाटले आणि महिन्याभरात तू दवाखान्यातून रिकामी परत आलीस. या खेपेला तू गप्प का राहिलीस, हे मला कळायला हवं होतं.

माझं चुकलं, अर्पिता. फार चुकलं. मी तुला काही विचारणार नाही, ओमलाही बोलले नाही. पावसानं उकिरड्यावरच त्या मुळ्यांना कोंब आले होते. आज तुझ्याच जागी पुन्हा लावल्या. कर्दळीत हातभर फट राहिली होती, तीही बुजवली. आता दारातून पाणी अजिबात दिसत नाही, आणि माझा चहा त्यावाचून अडत नाही. कधी यायचं ते तू ठरव. ओमच्या घुटीची सहाण माळ्यावर होती, ती काढून धुऊन ठेवली आहे.

वाट पाहणारी तुझीच,
आई