शुक्रवारी मी, रविवारी आम्ही

१२ सप्टेंबर, शुक्र.
दुपारचा शो, एकट्यानं. चार मित्र आणि एक चोरीची बुलेट, विनोदी म्हणून जाहिरात केलेला मराठी पिक्चर. पहिला अर्धा तास नुसता पसारा, मग बरा चालतो. एक गाणं जरा चावट, पण प्रज्ञाला चालेल. आठवीतल्या पोरी आपल्यापेक्षा पुढं असतात. शेवट गोड. पास. रविवारी हाच.

दारावरच्या माणसानं आजही विचारलं, "एकच?" दर वेळी एकच असतं, तरी विचारतो. आत बसल्यावर शेजारच्या खुर्चीत पिशवी ठेवली.

कादरभाईंनी ड्युटी बदलून दिली. दवाखान्यात एक्स-रेला आम्ही दोघंच, म्हणजे माझी सुट्टी ती त्यांची डबल. म्हणाले, "जाओ मियाँ, पास करके आओ पिक्चर." त्यांना सगळं माहीत आहे. लेक महिन्यातून एकदा भेटणार, त्यात पिक्चर भिकार निघाला की महिना वाया. म्हणून आधी एकदा बघून ठेवायचा. यात हसण्यासारखं काय आहे कळत नाही.

१४ सप्टेंबर, रवि.
बापूनं थिएटरच्या दारातच सोडलं तिला. त्याचा टेंभुर्णीत कपड्याचा धंदा, महिन्यातून एक रविवार इथं सोलापुरात नव्या पेठेत माल भरायला येतो, येताना भाचीला घेऊन येतो. त्याचा माल भरून होईपर्यंत प्रज्ञा माझी. "दाजी, संध्याकाळी हितंच येतू. लई गर्दी हाय पेठेत, उशीर झाला तर बसा की जरा." कोर्टाचे कागद होऊन गेले, रेखा आणि मी समोरासमोर आलो तर काय बोलावं ते सुचत नाही, पण तिच्या भावाचं दाजी सुटलेलं नाही. सुटू नये असंच वाटतं.

प्र.नं केस कापलेत. छान दिसते. सांगायचं राहिलं.

पहिल्यांदाच बघतोय असा चेहरा करून बसलो. इंटरव्हलला म्हणाली,
"पप्पा, तुम्ही जोकच्या आधी हसता."
"नाही गं."
"हसता. बुलेट विहिरीत पडायच्या आधीच हसलात. मागच्या वेळी भुताच्या पिक्चरला माझे डोळे झाकले, तेव्हा भूत आलंच नव्हतं. नंतर आलं."

सांगून टाकलं. शुक्रवारी बघतो, मग ठरवतो, मग तुला आणतो. मला वाटलं हसेल. म्हणाली, "म्हणजे शुक्रवारी एकटेच बसता?" मी हो म्हणालो. मग माझ्या हातातलं पॉपकॉर्न घेऊन संपवलं.

चोरी पकडली गेली त्याचं काही नाही. 'एकटेच' मात्र लागलं. एवढं हळू म्हणाली ते.

२१ सप्टेंबर, रवि.
दिवाळीच्या हंगामातले ट्रेलर सकाळपासून बघितले. आमच्यात दिवाळी करत नाहीत, माझी दिवाळी रिलीजवर.

१. पोलिसाचा, हिंदी. नायक माझ्याच वयाचा आणि नायिका प्र.च्या मावशीच्या लग्नात करवली शोभेल अशी. कट.
२. ऐतिहासिक, मराठी. तलवारी आणि भाषणं. प्र. झोपेल, तिच्याआधी मी.
३. दक्षिणेचा मारामारीचा, हिंदीतही येतोय. एक माणूस चाळीस जणांना उडवतो आणि त्याच्या शर्टाची घडी विस्कटत नाही. बघण्यासारखा.
४. कौटुंबिक. नवरा-बायको वेगळे राहतात, मुलगी मध्ये, शेवटी सगळे एका टेबलाशी जेवतात. ट्रेलरमध्येच जेवले. हा तिला दाखवायचा नाही. मीही बघणार नाही.

कादरभाईंना विचारलं तर म्हणाले, "फाइटवाला देखो. बच्चे लोगां को वोइच पसंद. घर-संसारवाला नक्को, तुम रोते बैठेंगे." चहा पिता पिता बोलले, त्यामुळे राग धरता आला नाही.

२८ सप्टेंबर, रवि.
बिनकामाचा रविवार. कपडे धुतले, इस्त्री केली, नको ते शर्टही केले. दुपारी उगाच थिएटरवरून चक्कर. मारामारीवाल्याचं मोठं पोस्टर शिडी लावून चढवत होते. वरचा खालच्याला ओरडत होता, "डावीकडं वड की, मान वाकडी दिसायली हिरोची." मी खालून म्हणालो, अजून जरा डावीकडं. त्यांनी ऐकलं आणि तेवढं सरकवलं. आज दिवसभरात कुणाशी बोललो असेन तर एवढंच. दूधवाला येऊन गेला तो "उद्या येणार नाही" एवढं सांगून.

एकटं राहणं जमतं मला. स्वयंपाक येतो, घर नीट ठेवतो. रविवार जमत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळ.
प्र.चा फोन. शाळेतून आली होती, तोंडात काहीतरी होतं.
"पप्पा, तो मारामारीवाला बघू. पण तुम्ही आधी बघायचा नाही."
"आणि भिकार निघाला तर?"
"निघू दे की."

एवढं सोपं असतं का? चांगला पिक्चर असला की नंतर बोलायला विषय असतो, बापूची गाडी येईपर्यंत पुरतो. वाईट असला की ती मोबाईल काढते आणि मी रस्त्याकडं बघत उभा राहतो. हे तिला कसं सांगू?

तरी शब्द दिला.

१० ऑक्टोबर, शुक्र.
पिक्चर लागला. कादरभाईंनी आपणहून विचारलं, "जाते क्या?" नाही म्हणालो. दिवसभर दवाखान्यातच. एका म्हाताऱ्या बाबांचा छातीचा फोटो काढायचा होता. "श्वास घ्या, रोखून धरा" म्हणालो आणि 'सोडा' म्हणायला विसरलो. बाबा लाल झाले तरी उभे. कादरभाई आतून ओरडले, "अरे छोडने को बोलो उनको."

संध्याकाळी परवाची दोन तिकिटं मोबाईलवर काढली. घाईघाईत काढली, नाहीतर परीक्षणं वाचत बसलो असतो, आणि तोही एक प्रकारे आधी बघितल्यासारखाच.

१२ ऑक्टोबर, रवि.
नीट लिहून ठेवायचं आहे, म्हणून दमलो असलो तरी बसलोय.

दारावर तिकीट बघून माणसानं विचारलं, "तेलुगू का?" सोलापुरात कुणीही कुणालाही विचारतं, तुम्ही तेलुगू का, कन्नड का, कुठले. मी म्हणालो, "नाही हो, आम्ही मराठी." तो म्हणाला, "मला काय," आणि सोडलं आत. थिएटर खच्चून भरलेलं. गावाचा सगळा पूर्व भाग आलेला, अख्खी अख्खी घरं, आज्या, तान्ही बाळं. पडद्यावर नाव आलं आणि कागदाचे तुकडे उडाले, शिट्ट्या. मग नायक तोंड उघडून बोलला. तेलुगूत.

तो माणूस पिक्चरचं विचारत होता. मोबाईलवर हिंदीचा शो सोडून मी तेलुगूचाच दाबला होता.

प्र. माझ्याकडं बघतेय, मी तिकिटाकडं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. महिन्यातला एक रविवार आणि हे. शेजारच्या आजींनी विचारलं, "तुमाला तेलुगू येत न्हाय? मग हितं कशाला आले?" आणि लगेच, "थांबा, मी सांगते काय म्हणायलेत." फार माया होती त्यात. पण प्र. म्हणाली, "नको आजी, आम्हीच करतो."

आणि सुरू झाली. खलनायक दात खात काहीतरी बोलला, तर ही माझ्या कानात, "माझी चादर गच्चीवर वाळत घातली होती, कुणी नेली?" नायक गरजला, तर मी म्हणालो, "शेंगाचटणी संपलीय, त्याशिवाय मी लढणार नाही." प्र. वाकून वाकून हसली. मग थांबलोच नाही. खलनायकाला बँकेत केवायसी करायला लावलं. नायिकेला नायकानं गजरा दिला तर ती म्हणते, "पावती आहे का?" आजी एकदा आमच्याकडं वळून म्हणाल्या, "असं न्हाय म्हणाला तो," आणि त्याही हसल्या. कुठला पिक्चर एवढा आवडला होता मला आधी? आठवत नाही.

इंटरव्हलनंतर एक प्रसंग होता. नायिका घर सोडून निघालीय, हातात पेटी, दारात तिचा म्हातारा बाप. ती रडत रडत काहीतरी सांगते. पाळी प्र.ची होती. ती पडद्याकडंच बघत म्हणाली,
"ती म्हणतेय, आईची पुण्याला बदली झालीय. सुट्टी संपली की तिकडची शाळा. मीच सांगते म्हणाले होते आईला. पण कसं सांगायचं ते कळत नव्हतं."

तिचा आवाज अजून नायिकेचाच होता, थोडा रडका केलेला. मग नव्हता राहिला.

पडद्यावर बाप बोलायला लागला. हळू, लांबलचक, डोळे पुसत.
"पप्पा, तुमचा डायलॉग."

शेवटी म्हणालो, "तो म्हणतोय, पुण्यात पण थिएटरं असतात."

ती बघत राहिली. बाप अजून बोलतच होता.
"केवढा वेळ बोलतोय तो. एवढंच म्हणाला?"

तिचा हात धरला. पुढचे डायलॉग कुणीच केले नाहीत. पिक्चर आपला आपण संपला.

बाहेर बापू गाडी लावून उभा. मागं साड्यांचे गठ्ठे. माझ्या नजरेला नजर देईना, म्हणजे त्याला माहीत होतं. "दाजी, म्या सांगणार हुतो, पण पोरगी म्हणली मी सांगते." मी म्हणालो, सांगितलं तिनं. गाडी वळेपर्यंत ती काचेतून बघत होती.

१३ ऑक्टोबर, सोम.
कादरभाईंनी विचारलं, कैसा था पिक्चर. चांगला होता म्हणालो. स्टोरी विचारली तर सांगता येईना.

पुणे लांब नाही, रोज माणसं जातात. हे सकाळपासून स्वतःला सांगतोय. पण तिथं तिला क्लास असतील, मैत्रिणी होतील, त्यांच्याबरोबर ती पिक्चरला जाईल. जायलाच पाहिजे. आणि मी इथं शुक्रवारी कुणासाठी बघायचं? भीती वाटतेय. इथं लिहायला हरकत नाही.

२४ ऑक्टोबर, शुक्र.
रेखाला फोन केला. कितीतरी दिवसांनी स्वतःहून. आधी काय बोलायचं ते मनात दोनदा म्हणून घेतलं.
"महिन्यातून एक रविवार मी पुण्याला येत जाईन. तू कुठं सोडायला नको, मीच घेईन तिला, मीच पोचवीन."
"बघू."
"बघू म्हणजे?"
"बघू म्हणजे बघू. नवीन जागा आहे, नवीन शाळा. रविवारी क्लास लागले तर मी आत्ताच कसं सांगू तुम्हाला?"

ती भांडत नव्हती. भांडली असती तर मलाही काही बोलता आलं असतं. बरं म्हणालो. मग ती म्हणाली, "जेवता ना वेळेवर?" मी हो म्हणालो आणि फोन ठेवला.

कौटुंबिकवाला लागलाय. त्या बाजूला फिरकलो नाही.

२ नोव्हेंबर, रवि.
रेखाचं आणि प्र.चं सामान पुण्याला गेलं परवा. आज बापू माल भरायला आला होता, एकटाच. थिएटरपाशी न येता सरळ घरी आला, पहिल्यांदाच. चहा केला. बराच वेळ साड्यांचंच बोलला, कुठला रंग खपतो, कुठला नाही. उठताना म्हणाला, "दाजी, पोरगी न्हाय म्हणून मी यायचं सोडणार न्हाय. चहा पाजायचा बगा." पाजतो म्हणालो. तो गेल्यावर दोन कप विसळताना रडू आलं.

९ नोव्हेंबर, रवि.
डिसेंबरचे ट्रेलर आले. सवयीनं बसलो. एक हेरगिरीचा, एक गाण्यांचा, एक कार्टून, एक कुठल्यातरी राजाचा. ह्या वेळी ठरवताच येईना. तिला तिकडं काय आवडायला लागलंय, कुणास ठाऊक. एका महिन्यात आवड बदलते ह्या वयात. शेवटी तिलाच मेसेज केला, चारही नावं टाकून. रेखानं होकार दिलेला नाही हे त्यात लिहिलं नाही. फक्त विचारलं, ह्यातला कुठला बघण्यासारखा वाटतो?

दुपारपर्यंत उत्तर नाही. जेवलो. भांडी घासली. मग आलं.

"कुठला पण चालेल पप्पा. सगळ्यात मोठा असेल तो बघा."

मोठा म्हणजे गाजलेला असं वाटलं आधी. तसं विचारलं. तर म्हणाली, "नाही. लांब. जास्त वेळ चालणारा."

राजाचा पिक्चर साडेतीन तासांच्या आसपास आहे म्हणे. ट्रेलरच संपता संपत नाही. कादरभाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "इतना लंबा? कौन बैठता उसमें?" आम्ही, म्हणालो.

रेखाचा फोन अजून यायचाय.