काहीतरी शे

पिंप्राळा, जळगाव
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय दिपमाला,

आज सकाळच्या एसटीने मी आणि प्रमिला धुळ्याला गेलो. कॉलेजातला कार्यक्रम झाला. तुझ्याऐवजी सत्कार मी घेतला. जेवणात वरण-बट्टी होती, चांगली होती. संध्याकाळी परत आलो. शाल टेबलावर ठेवली आहे, नागपूरला येणारं कुणी भेटलं की पाठवतो. तुझा गुडघा कसा आहे? ऑपरेशन झालंय, तर निदान महिनाभर जिना चढू नकोस.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी काय बोलतो ते तुला माहीत आहे. हो, बरं, ठेवतो. प्रमिला भजनाला गेली आहे म्हणून लिहायला बसलो.

विषय 'स्मृती आणि साहित्य' असा होता. एका प्राध्यापकांनी तुझ्या पुस्तकावर निबंध वाचला. बराचसा माझ्या डोक्यावरून गेला. मी पाटबंधारे खात्यात पाटांची मापं घेण्यात जन्म काढला, मला त्यातलं काय कळणार? पण मग ते आपल्या भूमिकाच्या शेवटच्या वाक्यावर आले. "आबा, माझी सावली धरून ठेवा, मी आलेच." या सावलीवर ते इतकं बोलले की समोरच्या रांगेतले चुळबुळ करू लागले. सात वर्षांच्या मुलीला पुढचं दिसलं होतं, असं त्यांचं म्हणणं. पोरं वहीत उतरवून घेत होती. मी माझ्या मुलीबद्दल ऐकत होतो आणि मला वाटत होतं, ही कुणाची मुलगी?

शेवटी मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठली आणि तिने मलाच विचारलं, काका, ती खरंच असं म्हणाली होती का? सूत्रसंचालन करणाऱ्या बाई लगेच म्हणाल्या, अगं, हे साहित्य आहे, पंचनामा नाही, बस खाली. सगळे हसले. मी उठतच होतो. तेवढ्यात प्रमिलाच बोलली, "म्हणाली होती. माझी पोरगी अशीच बोलायची." टाळ्या पडल्या. मी मान हलवून परत बसलो.

प्रमिला त्या दिवशी रावेरला नव्हती, हे तुला माहीत आहे. सुट्टीला तुझ्याकडे आलेल्या भूमिकाला न्यायला मी एकटाच आलो होतो. मी गाडीला किक मारली, ती मागे बसली, मग काहीतरी बोलून उतरली आणि परत तुझ्या तेव्हाच्या घराकडे पळाली. केळीची ट्रॉली मागे येत होती. मी आरशातसुद्धा पाहिलं नव्हतं. ती काय बोलली ते फक्त मी ऐकलं होतं.

तू पुस्तक लिहिताना कितीदा विचारलंस. मी सांगितलं नाही. प्रमिलालाही कधी सांगितलं नव्हतं. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. इतकं साधं होतं ते, की सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, बस, एवढंच? चार-पाच शब्द. आजोळी वाढल्यामुळे ती तिकडची अहिराणीच बोलायची, 'आहे' म्हणायची नाही, 'शे' म्हणायची. प्रमिला तिला टोकायची, शाळेत हसतील तुला. तर ते चार-पाच शब्द मी सकाळी ऑफिसला जाताना गाडीवर एकदा मनात म्हणून घ्यायचो, तिच्याच आवाजात. बाकी मी काही पूजाअर्चा करत नाही. वर्षानुवर्षं तेवढंच केलं.

मग तुझं पुस्तक आलं. प्रमिलाचे डोळे अधू, म्हणून रोज संध्याकाळी मी तिला वाचून दाखवू लागलो. ती पानं तिला परत परत हवी असायची. तिला झोप लागू लागली, गोळ्या कमी झाल्या. खोटं कशाला बोलू, ते तुझ्यामुळे झालं. मी वाचत राहिलो. आणि एका सकाळी बजरंग पुलाखाली गाडीवर मी नेहमीप्रमाणे मनात म्हणायला गेलो, तर 'सावली' आलं. परत म्हणून पाहिलं, परत सावली. तेही भूमिकाच्या आवाजात. तेव्हापासून मूळचं सापडत नाही. शेवटी 'शे' होतं, एवढं पक्कं आहे. काहीतरी शे. काय शे, ते गेलं.

आज चहाच्या वेळी ती प्रश्न विचारणारी मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "थांब ना व, मन्ही पिशवी तठेच शे." मी कप खाली ठेवला. मला वाटलं, हेच! पिशवी! भूमिका पिशवीसाठीच परतली होती! बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी ते धरून बसलो. मग लक्षात आलं की भूमिकाकडे त्या दिवशी पिशवी नव्हतीच, पिशवी मी आधीच हँडलला अडकवली होती. म्हणजे आता कुणाचंही वाक्य मी तिच्या तोंडी घालायला लागलो आहे. प्रमिला शेजारी शाल मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, किती दिवसांनी आपली पोरगी चारचौघांत निघाली.

तुला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. मी सांगितलं नाही म्हणून तुला रचावं लागलं, एवढं मला समजतं. पण एक विचारायचं आहे आणि ते विचारायला दुसरं कुणी उरलेलं नाही. त्या दुपारी दवाखान्याच्या बाकावर तू माझ्याजवळ बसली होतीस. तो तासभर मला अजिबात आठवत नाही. मी काही बोललो होतो का? सावलीचं वाक्य तू पूर्ण मनाने रचलंस, की त्या बाकावर मी काही बरळलो होतो आणि तू नंतर ते नीट करून घेतलंस? बोललो असेन तर माझे शब्द होते तसे लिहून पाठव, अर्धवट असले तरी चालतील. बोललो नसेन तर 'नाही' एवढंच लिही. मला बरं वाटावं म्हणून नवीन काही रचू नकोस, दिपा. तू फार चांगलं रचतेस. मला फरक ओळखता येणार नाही आणि मी तेच धरून बसेन. पत्र माझ्या नावाने टाक, प्रमिलाला यातलं काही कळायला नको.

नळाला पाणी आलं आहे. आधी पिण्याचं भरून घेतो, मग टाकीची मोटर लावतो.

उत्तर काहीही आलं तरी तुझाच,
योगेंद्रभाऊ