रस्ता कोनाच्या बापाचा

९ नोव्हेंबर, रविवार

पडली. आपल्याच गावात, आपल्याच माणसाच्या धानावर.

तिरोड्याहून परत गोंदियाले येत होती. दवनीवाड्यात अर्ध्या रस्त्यावर धान वाळू घातलेलं. समोरून टिप्पर. मी सायकल बाजूला घेतली, चाक धानात गेलं, धान चाकाखालून सरकलं, मी आडवी. उजवा गुडघा सोलून निघाला.

धान मोठीमायचं. म्हणजे बाबांच्या वहिनीचं. आम्ही गोंदियाले राहायले गेलो, ती गावातच राहिली. धावत आली. मले वाटलं, मले उठवायले येऊन राहिली. तिनं आधी धान सारखं केलं, माझ्या कोपराखालचंही काढून घेतलं, मग म्हणे, "लागलं का वं?"

वरून हे: "चप्पल तं काढाची होती. लक्ष्मी हाय ते."

"मोठीमाय, मी सायकलवर होती!"

"मंग? टायर म्हंजे सायकलीची चप्पलच ना."

टिप्परच्या टायरले नाही बोलली काही. टिप्पर लक्ष्मीवरूनच गेला.

घरी येऊन सायकल ग्रुपवर गुडघ्याचा फोटो टाकला. खाली लिहिलं: रस्ता कोणाच्या बापाचा आहे? धडाधड अंगठे आले. बरं वाटलं.

११ नोव्हेंबर

पिंकीले रक्त चढवलं. पिंकी म्हणजे मोठीमायची पोरगी, माझ्याहून लहान, सिकलसेल. दुखणं उठलं की गावाहून ऑटो, ऑटोतून बस, बसमध्ये उभं राहून गोंदिया. तिथं रक्त आहे का नाही ते गेल्यावर कळते. गावाजवळच्या दवाखान्यात रक्त ठेवायची सोय पाहिजे, इतकंच. त्यासाठी आमच्या सायकल ग्रुपची ही चॅरिटी राइड, १४ डिसेंबरले. त्यासाठी मी रोज पहाटे थंडीत मांड्या तोडून राहिली.

पिंकी पलंगावरून: "माझ्या नावानं तू बारीक होऊन राहिली. मी तं आधीच बारीक."

मग: "सायकलनं पैसे कसे जमतात? चाकातून पडतात?"

"लोक देणगी देतात. आम्ही पूर्ण चालवली की."

"अन् तू पडली तं?"

"जास्त देतील."

"तं रोज पड ना वं मनू."

नर्सनं दोघींनाही झापलं.

१४ नोव्हेंबर

रा.भै. बद्दल एकदा लिहून टाकते, रोज रोज डोकं नको. राजूभैया. राइस मिलवाले, आमच्या सायकल ग्रुपचे अध्यक्ष. मी चालवते ती सायकल त्यांच्या पोरीची, ती शिकायले बाहेर गेली. हेल्मेटही त्यांनीच दिलं. वाईट माणूस नाही. म्हणूनच जास्त राग येते. वाईट माणसावर रागवणं सोपं असते.

आज म्हणाले, "मॅडम, आप गोरेगाव तक चलाओ. वहाँ फोटो हो जाएगा, फिर आराम से गाड़ी में बैठो. महिला रायडर है, इतना काफी है."

म्हटलं, पूर्ण चालवीन. गोंदिया, गोरेगाव, कोहमारा, सौंदड, साकोली, नागझिऱ्याच्या कडेकडेनं तिरोडा, दवनीवाडा, परत गोंदिया.

"पूरा मतलब पूरा?"

पूरा म्हणजे काय आणखी असते?

१८ नोव्हेंबर

प्रॅक्टिस सौंदडपर्यंत. आज रस्त्यात कानावर पडलं ते तसंच्या तसं, पूर्णविराम न देता, कारण त्यायनंही दिला नाही

ओ सायकलवाली कोठी चालली गाडी बिघडली का पेट्रोल परवडत नाई का बापा लग्न झालं का मॅडम एक सेल्फी घरी सांगून आली का हे डोक्यावर काय घातलं कद्दू का रोड पे औरत लोग ऐसे नहीं झुकते स्पीड किती निघते मेरी बेटी को भी सिखा दो ना पोरगी हाय का पोरगा हाय काऊन पळून राहिली कोन मेलं

शेवटचं वाक्य एका म्हाताऱ्याचं होतं. घाबरून विचारलं त्यानं. थांबून सांगितलं, बाबा, कोणी नाही मेलं. तो म्हणे, "मंग हळू चाल."

२३ नोव्हेंबर, रविवार

गोंदियात फ्लेक्स लागले. 

"रक्तधान महासायकल यात्रा."

धान! ध, धोतऱ्यातला! मी मजकूर दिला त्यात दान होतं. एम.ए. मराठी आहे मी, दान लिहिता येते मले. फ्लेक्सवाल्याकडे गेली तं तो चहा पीत म्हणे, "मॅडम, सीझनमध्ये दिवसभर धानच छापतो. धान खरेदी, धान बियाणं, धान मळणी यंत्र. हात आपोआप ध मारते."

रा.भै.: "अरे द और ध में कितना फर्क है! भावना समझो."

बदलणार नाहीत. गावोगावी लावून झाले. माझ्या कथा 'कळत नाहीत' म्हणून संपादक परत पाठवतात. आयुष्यात पहिल्यांदा चौकाचौकात माझं काही छापून आलं, अन् त्यात रक्तापासून भात!

२७ नोव्हेंबर

गावी गेली. गाव सगळं धानाच्या धुळीत. कापून रचलेले पुंजणे मोडून धान चुरणं, म्हणजे मळणी, चालू; नाक-कान सगळं भरते. मोठीमाय रस्त्याच्या कडेनं अनवाणी, पायानं धान फिरवून राहिली होती. वाफ्यासारख्या रेघा. पिंकी खाटेवर बसून काठीनं बकऱ्या हाकलत होती.

मोठीमायनं चौकातला फ्लेक्स वाचला. स्वतः वाचला, अक्षर लावून लावून. मले म्हणे, "चांगलं करून राहिले वं तुमी. धानासाठी सायकली! अख्ख्या आळीले सांगतलं मी. माही पुतनी हाय त्याच्यात."

मी पिंकीकडे पाहिलं. पिंकीनं हळूच मान हलवली, नाही म्हणून.

"तुमी सांगान का धान खरेदी केंद्रावर? नंबर लागला हाय सोमवारी, तुमची सायकल होते त्याच्या दुसऱ्या दिवशी. मागच्या बारीले ओल हाय म्हनून परत धाडलं त्यायनं. खळ्यात ऊनच नाई येत, झाडं हायेत. डांबर तापते." एक दाणा दातात धरून फोडला. वाजला नाही. थुंकला. "अजून पाह्यजे."

निघताना पिंकीले विचारलं, काऊन नाही सांगितलं तिले?

"पहिल्यांदा कोणी धानासाठी घाम गाळून राहिलं असं वाटून राहिलं तिले. वाटू दे ना. तुह्या बापाचं काय जाते?"

५ डिसेंबर

पिंकीचा फोन. "ऐक," म्हणे, अन् फोन बाहेर धरला. कोतवाल मोटरसायकलवर भोंगा बांधून फिरत होता. चौदा तारखेच्या रविवारी रक्तधान यात्रा गावातून जाणार आहे हो, रस्त्यावरचं धान सगळ्यायनं शनिवारीच उचलावं हो, दिसलं तं जप्त होईल हो.

रक्तधानासाठी धान उचला! हे मी एखाद्या कथेत लिहिलं असतं तं संपादकानं फारच केलं म्हणून कापलं असतं.

रा.भै. ले फोन लावला. ओरडलीच. ते शांत. "मॅडम, परमिशन में रास्ता साफ लिखा है. कोई गिरा तो जिम्मेदारी किसकी? और आप ही ने तो फोटो डाला था."

माझ्या गुडघ्याचा फोटो अर्जाले जोडला त्यायनं! मले न विचारता. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर नोटीस लागली, तिचा फोटो पिंकीनं पाठवला. "सदर रस्ता कोणाच्याही खाजगी मालकीचा नसून..." हे तं माझंच वाक्य. माझी शिवी धुऊन, इस्त्री करून, शिक्का मारून भिंतीवर लावली.

माझा गुडघा कधीच बरा झाला. खपली पडली. तो अर्ज कोण मागे घेणार?

७ डिसेंबर, रविवार

प्रॅ. सोडून सरळ गावी गेली. मोठीमायले सांगायले, की एक दिवस... एक दिवसच...

बोलायच्या आधीच ती: "रस्ता कोनाच्या बापाचा हाय?"

तेच वाक्य. शब्दाले शब्द. अन् तिच्या तोंडी ते खरं वाटत होतं.

"टिप्पर जाते, टॅक्टर जाते, साहेबाची गाडी जाते. कोनी म्हनते का उचला? तुमच्या सायकलीले कायले येवढा मान?"

पिंकी खाटेवरून: "आई, उचल ना एक दिवस. ते माझ्या रक्तासाठी येऊन राहिले. धानासाठी नाही. फ्लेक्सवर चुकलं ते."

सांगून टाकलं तिनं. मोठीमाय काही वेळ पायानं धान फिरवतच राहिली.

"मंग मले कोनी काऊन नाई सांगतलं?"

तिनं वर पाहिलं.

"आभाळ आलं हाय. शनिवारी उचलून ढीग घातला तं आतून गरम होते. सोमवारी परत धाडतील. तुले नागपूरच्या डॉक्टरकडे न्याचं हाय, ते कायच्या भरोशावर?"

"म्हणजे मी काय धानात मोजायची का?" पिंकीनं काठी फेकली. बकऱ्या लगेच आल्या. मग दोघीही बकऱ्यांच्या मागे.

बकरी हाकलून येऊन मोठीमाय माझ्यापुढे उभी राहिली. "तू कोनाकडून हायेस?"

मी सायकल उचलली अन् निघाली. उत्तर इथं लिहून पाहिलं. पिंकीकडून. खोडलं. तुझ्याकडून. खोडलं. सायकलकडून. हे तं कोण्या मूर्खानं लिहिलं?

१० डिसेंबर

मिलवर गेली. सगळीकडे कोंडा, रा.भै. तोंडाले रुमाल बांधून. म्हटलं, भैया, दवनीवाड्यात फक्त तेवढ्या तुकड्यापुरतं उतरून चालू. बूट काढून. धानावर चप्पल नाही घालत आमच्याकडे.

"पूरा ग्रुप? नंगे पैर?" हसले. "लोग क्या बोलेंगे, साइकिल यात्रा है या मन्नत?"

"तुमची मिल कशावर चालते?"

"धान पे."

"मग?"

रुमाल काढला त्यायनं. "मॅडम, मुझे भी मालूम है धान क्या है. पर पीछे से ट्रक आया और एक आदमी गया, तो फिर किसका खून, किसका दान? आप लोकल हो, आप समझाओ उनको." अन् मी वळली तेव्हा, हसत: "वैसे साइकिल किसकी है, याद है ना?"

हसत म्हटलेलं जास्त लागते. रस्ताभर मनात उत्तरं देत आली, एकाहून एक भारी. आता एकही आठवत नाही.

खरं म्हणजे ट्रकचं ते बरोबर आहे. म्हणून आणखीच संताप.

सायकल परत नेऊन देऊ का? दिली तं पिंकीसाठी चालवणारं एक माणूस कमी. नाही दिली तं मोठीमायच्या धानावरून जाणारं एक टायर जास्त. मीच ते टायर.

१३ डिसेंबर, शनिवार

ढग. पाऊस नाही, पण ऊनही नाही. बाबा म्हणे, आराम कर, पाय चोळ. पाय चोळून काय होणार, डोकं चोळायची गरज आहे.

पिंकीचे मेसेज:

"सगळ्यायनं उचललं"

"आईनं नाही"

"मीही बसली आहे तिच्याजवळ. जप्त करायले आले तं म्हणीन मलेच जप्त करा, नेऊन रक्त चढवा"

मी लिहिलं: तू तं म्हणत होती उचल.

"आताही म्हणते. पण भोंगा लावून सांगणारे ते कोण?"

 मग:

"तू येशील ना उद्या"

"आई विचारून राहिली. मी नाही"

१४ डिसेंबर, तिरोडा

मोबाइलमध्ये लिहून राहिली. थांबा आहे, केळी आहेत, चहा आहे. पूर्ण चालवत आली. गोरेगावले गाडीचं दार उघडून उभे होते माझ्यासाठी, मी बाजूनं निघून गेली. जंगलाच्या कडेले माकडं पाहत बसली होती रांगेत, प्रेक्षकांसारखी. मांड्या माझ्या राहिल्या नाहीत. आता फक्त दवनीवाडा, मग गोंदिया.

पुढं गेलेली पायलट गाडी परत आली. ड्रायव्हर रा.भै. ले सांगत होता, "सर, दवनीवाडा में एक बुढ़िया बैठी है रोड पे. साथ में लड़की है. उठती नहीं."

"बुढ़िया नहीं," मी म्हटलं. "मोठीमाय."

रा.भै. नं माझ्याकडे पाहिलं. "आपकी? वही?"

"माझी. पुढे मी राहते. माझं गाव आहे, मी समजावते."

त्यायचा चेहराच सुटला. "बहुत बढ़िया! आप लीड करो. फोटो भी अच्छा आएगा."

ग्रुपचा नियम: गावात लीडरच्या पुढं कोणी जायचं नाही. लीडर थांबला की सगळे थांबतात. नियम त्यायनीच केला, मागच्या वर्षी. छापलेलाही आहे, शुद्ध.

पायलट गाडीवाल्यालेही सांगून आली, तू सगळ्यात मागं राह्य. गाडी आडवी लाव, दिवे चालू ठेव, मागून ट्रक येऊ देऊ नको. त्यानं विचारलं, काऊन? म्हटलं, लीडर सांगून राहिली म्हणून.

समजावते म्हटलं. कोणाले, ते नाही म्हटलं.

आभाळ तसंच. बुटाच्या लेस सोडून ठेवल्या, टोकं मोज्यात खोचली.

शिट्टी वाजली.