उजव्या दाराचं हँडल

४ नोव्हें.
आजपासून लिहून ठेवणार. कारण सकाळी कारखान्यात सुधाकरशी भांडण झालं आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. ट्रकच्या हँडलचा लाकडी फरमा त्याने अगदी नमुन्याच्या मापाचा केला. पितळ ओतलं, थंड होताना आकसलं, तुकडा दोन मि.मी. आखूड. मी म्हणते, 'आकस धरून कर' असं सांगितलं होतं. तो म्हणतो, "नमुन्याइतकंच करा, असंच म्हनल्या तुमी, बाई." म्हटलं, तीस वर्षं फरमे करतोस, आकस सांगावा लागतो? तर म्हणे, "मंग लिहून देत जा ना."
देते.

५ नोव्हें.
सु. आला नाही. निरोपही नाही.
काम असं: अकोल्याचा प्रशांत. बार्शीटाकळी रस्त्याला भाजीचा मळा. वडिलांची जुनी नाकवाली, म्हणजे पुढे बॉनेट आलेली, ट्रक पुन्हा उभी करतोय. इंजिन झालं, बॉडी झाली, दारांची हँडलं अडली. उजव्याच्या मानेत तडा, डावं नाहीच. असली गाडी आता भंगारातही सापडत नाही. वडील, आबा, चौऱ्याऐंशीचे. एकदा त्यांनी स्वतः दार उघडून आत बसावं, एवढीच त्याची घाई.
नमुना तो तडकलेलाच. भोकापासून भोकापर्यंत ११८. लिहिलं.

६ नोव्हें.
सु. नाही. नमुना हातात घेऊन बसले होते. पितळ आहे आणि पाठीला वाळूचे दाणे. कंपनीच्या मालाला असे दाणे कुठून येणार? हे कंपनीचं नाही. कोणीतरी आपल्यासारखंच वाळूत ओतलंय. कोणी?

७ नोव्हें.
सु. आला. बोलला नाही. नवे फरमे, या वेळी आकसाच्या पट्टीने. (तिच्यावरचा इंच खऱ्या इंचापेक्षा केसभर मोठा. पितळ आकसून बरोबर मापाला येतं.) मीही बोलले नाही. चहा दोघांनी आपापला घेतला.

१० नोव्हें.
उजवं ११८, डावं ११८. कानस मारून, पॉलिश करून प्र. घेऊन गेला. नमुना ठेवून घेतला.
पाणी दिवसाआड झालंय.

११ नोव्हें.
प्र.चा फोन. "काकू, उजवं बसलं. डावं बसून नाही राहिलं. दोन मि.मी. कमी पडते." दोन्ही एकाच मापाची. एका दाराला बसतं, दुसऱ्याला नाही? असं कसं?
सु.ला विचारलं. "दार पाहा लागन." चार दिवसांतलं पहिलं वाक्य.
उद्या अकोला.

१२ नोव्हें.
एस.टी. मूर्तिजापूरला पाऊण तास उभी. व्हर्नियर पर्समध्ये. शेजारची बाई म्हणाली, हे कायचं हत्यार?
वांग्यांच्या पलीकडे, टिनाखाली गाडी. आधी डावं दार: भोकं गोल, मधलं अंतर १२०. मग उजवं: भोकं लांबट. कानशीचे ओरखडे रंगाखालीसुद्धा दिसतात. म्हणजे मूळ माप १२०. कोणीतरी मूळ हँडल जसंच्या तसं मापलं आणि आकस न धरता ओतलं. १२०चं झालं ११८. मग ते बसावं म्हणून दारच घासलं. सु.ने केली तीच चूक, पण चाळीसेक वर्षं जुनी.
आबा बाजेवर लसूण सोलत होते. विचारलं, ही भोकं कोणी घासली?
"म्या. काहून?"
हँडल परत का नाही केलं?
"संत्री भरेल होती, बाई. नागपूरले टाइमावर पोचा लागे."
बनवलं कुठे?
"तुमच्याच अमरावतीत. म्हातारा म्हने, दुसरं करून देतो. म्या म्हनलं, राहू द्या. त्याच्या नव्या सुनेचं पयलं काम होतं म्हने. तिले सांगू नको म्हने." मग हसायला लागले. "कालेजात शिकेल होती ते. म्हनूनच लहान झालं!"
प्र.ही हसला. मी व्हर्नियर पुसत राहिले.
"तुमी कोन्या घरच्या?"
चहा थंड होतोय, म्हटलं.

१३ नोव्हें.
माळ्यावर स्वतः चढले. सु. शिडी धरतो म्हणाला, नको म्हटलं. दोन तास. पंपांचे फरमे, रहाटाच्या चाकाचे, वाळवी. शेवटच्या पेटीत तो फरमा सापडला. 'उजवं हँडल', पेन्सिलीने, माझं अक्षर. त्यावर लाल खडूची फुली. मापला: १२० बरोबर. आकस नाही.
लाल फुली म्हणजे बाद. बाद फरमा भट्टीत जातो, हा मामाजींचाच नियम. सासरे म्हणून नव्हे, मालक म्हणून कडक होते. नियम कोणासाठी मोडला नाही. मग हा का ठेवला?
त्या दिवाळीत त्यांनी मला आकसाची पट्टी दिली. पितळी कडांची, लाल फडक्यात गुंडाळून. मला वाटलं बक्षीस. शेजारणींना दाखवली होती.
बी.एस्सी. झालेली मी. तापवल्यावर धातू प्रसरण पावतो, हे पेपरात लिहून मार्क मिळवलेले. थंड झाल्यावर काय होतं हे कोणी विचारलं नव्हतं, मलाही सुचलं नव्हतं.

१४ नोव्हें.
फरमा सु.पुढे ठेवला. मापून म्हणाला, "आकस धरेल नाही."
कोणाचा आहे?
अक्षर पाहिलं. "मोठ्या मालकाचं तर नाही."
माझं.
फरमा उलटसुलट करून पाहिला. "मंग माह्यावर कायले कावल्या?"
चुकले, म्हटलं. तेव्हाही आणि त्या दिवशीही. 'नमुन्याइतकंच' म्हणाले असेन.
"हे बी लिहून ठेवा."
ठेवलं.

१६ नोव्हें.
प्र.चा फोन. त्याला उजव्या दाराची लांबट भोकं वेल्डिंगने बुजवून १२०ची पाडायची आहेत. जुन्या गाड्या पाहणारे लोक बारकाईने पाहतात म्हणे. आबा म्हणतात, दाराले हात लावू नको. दोन दिवस बापलेक बोलत नाहीत. "काकू, तुम्हीच सांगा, बरोबर कोणतं?"
आठवड्यापूर्वी विचारलं असतं तर एका श्वासात सांगितलं असतं. १२० बरोबर. आज म्हटलं, उजव्याची दोन्ही मापं देते.

१९ नोव्हें.
१२०ची जोडी ओतली. सु.ने न सांगता उजव्याचं ११८ही पुन्हा पॉलिश करून ठेवलं. प्र.ने ते सकाळीच पाठवलं होतं. चहा एकत्र.

२१ नोव्हें.
प्र. आला. ११८च्या हँडलला चिठ्ठी बांधून ठेवली होती: 'हे माप मुळात चुकलं होतं. चूक माझी.' खाली सही. आबांना वाचून दाखव, असं सांगायचं ठरवलं होतं.
तडकलेलं जुनं हँडल पाकिटात घालायला घेतलं, तर त्याने माझ्या हातातून काढून टेबलावर ठेवलं. "आबानं सांगतलं, हे बाईपाशीच राहू दे. पयलं काम हाय त्यायचं."
मी त्यांना काहीच बोलले नव्हते. सु. कानस घासत होता, थांबला. चिठ्ठी तशीच जाऊ दिली.

दिलं:
डावं, १२०, नग १.
उजवं, १२०, नग १.
उजवं, ११८, नग १, चिठ्ठीसह.
ठेवून घेतलं:
उजवं, जुनं, मानेत तडा, नग १.
भोकं बुजवायची की नाही, त्यांचं अजून ठरलेलं नाही.