वजनात न बसलेलं पान

ताई,

पोस्टाचे दर पुन्हा वाढलेत. खिडकीवरच्या कारकुनाने पाकीट काट्यावर ठेवलं आणि म्हणाला, "बाई, एक पान काढा, नाहीतर दुप्पट तिकिटं लागतील. एवढं काय पुराण लिहिलंत?"

मी एक पान काढलं. त्याच्याच मागच्या बाजूला हे लिहितेय. गळका नळ, शेजारणीचं भांडण, माझा गुडघा, सगळं तुझ्याकडे निघालं. 'डॉक्टर म्हणतात, आईला भेटायचं तर लगेच ये,' एवढंच इथे राहिलं.

जादा तिकिटांचे पैसे होते गं माझ्याकडे. पण आई हल्ली मला तुझ्याच नावाने हाक मारते आणि मी ओ देते. मग ती हसते, दोन घास खाते. तू समोर आलीस, की मला कोण हाक मारणार?

तुझी,
धाकटी