छकुलीच्या नावाची गाडी

प्रिय छकुली,

आधी हे ऐक, दारातली गाडी गेली! कुणी ओढून नेली नाही, कुठे ठोकलीही नाही. आपण होऊन, हसतखेळत दिली. मला इतका आनंद झालाय की चहात दोनदा साखर पडली आणि तुझे बाबा तो मुकाट्याने प्याले. फोन करायचा सोडून पत्र का लिहीत बसले, ते शेवटी सांगते.

मिरची-टमाट्याच्या रोपांचा धंदा जोरात होता तेव्हा बाबांनी मोठ्या हौसेने कर्ज काढून ती आणली, मागच्या काचेवर रेडियममध्ये तुझं नाव लावलं. मग गावोगाव रोपवाटिका निघाल्या, आपली रोपं वाफ्यातच निबर व्हायला लागली, आणि हप्ता काही थांबेना. तू नोकरीला लागलीस, 'राहू द्या, मी भरते' म्हणालीस आणि भरत राहिलीस. इकडे गाडी कव्हरखाली झाकलेली! पेट्रोल परवडेना म्हणून आम्ही मोताळ्याच्या लग्नाला काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून गेलो. गाडी कुठंय विचारलं तर बाबा म्हणाले, सर्व्हिसिंगला टाकलीय. वर्षभर ती सर्व्हिसिंगलाच होती बघ.

मागच्या महिन्यात तुझी मैत्रीण अर्पिता येऊन गेली. बोलता बोलता तिच्या तोंडून निघालं की नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणाला तुझा नंबर लागला होता, आणि फीची सोय नाही म्हणून तू जागा सोडलीस. आम्हाला तू एका शब्दाने बोलली नाहीस. मला राग आला तुझा, खोटं कशाला सांगू, आणि मग रडूही आलं. बाबा जेवत होते. ताटावरून उठले ते वाफ्यात जाऊन बसले. सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून मला म्हणाले, चाल बुलडाण्याले.

फायनान्सच्या ऑफिसाची पायरी चढताना मी बाबांच्या मागेच राहिले. वाटलं, चार लोकांत पाणउतारा होणार. पण तिथल्या साहेबाने बसवून नीट समजावलं. गिऱ्हाईक आणलं तर त्याच्या पैशातून उरलेलं कर्ज फिटेल, करार बंद होईल, गाडीच्या कागदावरून कंपनीचं नाव निघेल. भरलेले हप्ते मात्र गेले ते गेले. बाबांनी एवढंच विचारलं, "म्हंजे पोरीच्या पगारातून मंग काही जाणार नाही ना?" साहेब नाही म्हणाला. जिना उतरताना बाबा माझ्यापुढे दोन पायऱ्या एकदम उतरत होते. खाली आल्यावर त्यांनी मला कचोरी खाऊ घातली, स्वतः होऊन!

मोताळ्याचे किराणा दुकानवाले नारायणराव गिऱ्हाईक म्हणून मिळाले. त्यांनी पैसे भरले, सगळ्या सह्या झाल्या, आणि आज ते बायकोला, सुभद्राबाईंना, घेऊन गाडी न्यायला आले. तुझी झुंबरआत्या सुलतानपूरहून मुद्दाम आली. गाडी आली तेव्हा ओवाळण्याचा मान तिचा होता, तर पाठवणीचाही तिचाच म्हणे. पण जाणाऱ्या गाडीचं काय करतात हे कुणाला ठाऊक! आत्याने सरळ सासरी जाणाऱ्या लेकीसारखी तिची ओटी भरली. बॉनेटवर खण, नारळ, तांदूळ. हातावर दही द्यायचं तर गाडीला हात कुठला, म्हणून स्टिअरिंगला लावलं. नारायणरावांनी गाडी चालू केली आणि हात चिकट झाला तसे बिचारे बघतच राहिले. सुभद्राबाईंनी मात्र उतरून नारळ पदरात घेतला आणि आत्याच्या पाया पडल्या. मी हसून हसून दाराला टेकले.

गाडी फाटकातून बाहेर निघाली आणि बाबा म्हणाले, "ये बरं लवकर." आत्या भडकली. "गाडीले काऊन ये म्हणतं बे? खरंच वापस आली म्हंजे?" सगळे हसले. बाबा नाही हसले. गाडी वळेपर्यंत तिच्या मागच्या काचेकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, "गाडीले नाही म्हटलं. पोरीचं नाव जाताना दिसलं, निघालं तोंडातून."

आता सांगते, फोन का केला नाही. आधी कळलं असतं तर तू पुन्हा 'राहू द्या, मी भरते' म्हणाली असतीस, आणि तुझा आवाज ऐकून बाबा विरघळले असते, त्यांचं तुला माहीतच आहे. आता विरघळून उपयोग नाही, करार बंद झाला. तरी फोनवर तू मला मध्येच तोडलं असतंस, पत्र मात्र शेवटपर्यंत वाचावंच लागेल. या महिन्यापासून इकडे पैसे पाठवू नकोस. त्या शिक्षणाचे अर्ज पुन्हा निघणार आहेत, मी अर्पिताला विचारून घेतलं. तुझा पगार तुझ्या फीला ठेव आणि अर्ज भर. त्याआधी एकदा घरी ये. घ्यायला गाडी नाही, बाबा जुनी स्कूटर घेऊन चिखलीच्या स्टँडवर येतील. तू कधी येणार हे माहीत नाही, तरी आज दुपारीच तिच्या चाकांत हवा भरून आणली त्यांनी.

तुझीच, वाट बघणारी,
आई