नंबर नसलेला डबा

३ नोव्हें., सोम.

आणि वर दादाच म्हणतो मी पळून गेलो. ऐन सीझनला बँजो पार्टी टाकून गेला म्हणतो. कुठली पार्टी? बँजो त्याचा, टेम्पो त्याचा, सुपाऱ्या त्याच्या नावावर. मी चार वर्षं मशीनपाशी बसून इकोचं बटण फिरवलं, आणि लग्नात जेवायला बसायचो ते आचाऱ्यांबरोबर. आज फोनवर परत तेच. "आठवीत नापास झालास तवा तुला कुणी उभं केलं?" तू केलंस. मग काय जन्मभर...

फोन केला होता त्याच्याकडच्या डब्याचं बोलायला. ते राहिलंच. बोलायला तोंडच नाही म्हणा.

४ नोव्हें., मंगळ.

सहा डबे जोडले. पास ५. एक घरघरतोय, उद्या खोलीन.

अण्णा, आमचा मालक, सकाळपासून चष्मा लावून मोबाइलवर गिटारवाल्यांची मतं वाचत होता. सगळं इंग्रजी. गिटारवाले ह्या आमच्या डब्याला पेडल म्हणतात, पायानं दाबलं की गिटारचा सूर मागं घुमत राहतो. आमच्या पार्टीत इकोच म्हणायचे. अण्णा मला वाचून त्याच्या मराठीत सांगतो. "एकटा म्हणतो, ह्या पैशात असला ॲनालॉग इको कुठं मिळायचा नाही, दोन घेतले मी. दुसरा म्हणतो, गोधडीत तोंड घालून गायल्यासारखं येतं, पैसे पाण्यात गेले. आता कुणाचं खरं रे दत्ता?"

मी म्हटलं, गिटारवाले कधी एका तोंडानं बोलतात का.

"सरी," म्हणाला, म्हणजे बरोबर. पण हसला नाही.

दोघांचंही खरं आहे. मला माहीत आहे.

७ नोव्हें., शुक्र.

लिहून टाकतो. कुठंतरी टाकायला पाहिजे.

ही टेस्टिंगची वही. पुढून डब्यांचे नंबर, मागून मी. अण्णा समोरच्या स्टुलावर असतो तरी भीती नाही. त्याची माणसं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरची, घरात मराठी बोलतात, पण वाचायला त्याला कन्नड नाहीतर इंग्रजी लागतं.

डबा जोडून झाला की मीटर लावायचा. मीटरला सगळे सारखेच. खरं काम पुढं, कानाचं. शेल्फवर अण्णाचा पहिला डबा असायचा, त्यानं स्वतः महिनाभर बसून लावलेला. मी त्याला आईडबा म्हणायचो. गिटारचा रेकॉर्ड केलेला एकच तुकडा एकदा त्यातून ऐकायचा, एकदा नव्यातून, आणि नव्याच्या पोटातला बारका स्क्रू फिरवत फिरवत दोन्ही सारखे आणायचे. जमलं की स्क्रूवर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. म्हणजे स्क्रू हलत नाही, आणि कुणी हलवला तर कळतं. प्रत्येक डब्याला नंबर, नंबर वहीत. आईडब्यालाच तेवढा नंबर नव्हता.

एप्रिलात, गावच्या जत्रेआधी, मी तो दादाला पाठवला.

तो गावभर सांगत होता, दत्त्या बंगळूरात डबे पुसतो. मला दाखवायचं होतं काय करतो ते. नंबरवाला उचलला असता तर वहीत सापडलं असतं. विकत घ्यायला त्या महिन्यात तीन हजार नव्हते. आणि मनात आलं, शेल्फवर तर नुसता बसलेला असतो.

त्याच्या जागी चांगला लागलेला एक ठेवला. जूनमध्ये ऑर्डरला एक कमी पडला तेव्हा तो गेला, मग दुसरा ठेवला. ऑगस्टात परत तसंच. प्रत्येक वेळी वाटलं, काय फरक पडतोय.

९ नोव्हें., रवि.

सुट्टी. खोलीतले दोघं मॉल बघायला गेले. मी नाही गेलो.

पहिल्या आठवड्यात अण्णानं सांगितलेलं आठवतंय. आतल्या चिपमध्ये रांगेनं बादल्या आहेत समज, आवाज ह्या बादलीतून त्या बादलीत ओततात, पोचेपर्यंत उशीर होतो, तोच इको. मी म्हटलं, कळलं, स्लॅबचं काम. गावात मी स्लॅबवर जायचो. माल खालून वर घमेल्यानं हातोहात. शंभर हात लागले की घमेलं वर पोचतं, पण काठोकाठ पोचत नाही, प्रत्येक हाताला थोडं सांडतं. अण्णा इतका खूश झाला! बायकोला, अक्काला, फोन लावून सांगितलं, "पोरगा शाळा शिकला नाही पण इंजिनेराहून बरं सांगितलं." मला त्या दिवशी घरनं पुरणपोळी आली.

शेल्फवरच्या डब्याचं तेच झालंय. ह्या हातातनं त्या हातात. सांडत आलंय.

१२ नोव्हें., बुध.

निनाद आला. व्हाइटफील्डला कंपनीत असतो, मूळ पुण्याचा, गिटारचं वेड. ऑफिस बुडवून के. आर. पुरमला आमच्या शेडवर, घामाघूम. बॅगेत दोन डबे. एक त्यानं मार्चमध्ये घेतलेला, एक त्याच्या मित्रानं मागच्या महिन्यात.

"अण्णा, प्लीज, फक्त ऐका. तुमच्या पेडलसाठी मी ऑनलाइन लोकांशी भांडतोय, आणि माझाच मित्र म्हणतोय तुझे कान तपासून घे."

गिटार लावली. आधी जुना. सूर मागं मागं जात होता, तरी बोट तारेला लागल्याचं शेवटपर्यंत कळत होतं. मग नवा. दुसऱ्याच फेरीला चिखल. जुन्यात सात महिन्यांनी मला आईडबा ऐकू आला होता.

अण्णा डोळे मिटून ऐकत होता. "परत वाजव." वाजवलं. "स्वल्प हळू." तसं वाजवलं. मग म्हणाला, "मला दोन्ही एकच वाटतात रे."

निनाद माझ्याकडं बघायला लागला. मी सोल्डरची तार गुंडाळत बसलो, गुंडाळलेलीच होती.

जाताना रस्त्यावर मला म्हणाला, "तुला कळला ना फरक?"

"मला गिटार येत नाही."

"ते नाही विचारलं मी."

१५ नोव्हें., शनि.

अण्णा कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आला. वरचे बारीक आवाज गेलेत म्हणे, दोन-तीन वर्षं झाली असतील. मशीन लावा, पण संगीताचं पहिल्यासारखं सांगता येत नाही.

"शेवटचा पास मीच देत होतो ना," अण्णा म्हणाला. "तू लावायचास, मी एकदा ऐकून हूं म्हणायचो. बहिऱ्यानं हूं म्हटलं आणि लोकांनी पैसे भरले."

चाळीस वर्षं मल्लेश्वरममधले रेडिओ ह्या कानांनी बरे केले म्हणाला. कान धरून दाखवला, शाळेतल्या पोरासारखा.

तेव्हाच बोलायचं होतं. तोंड उघडलं पण होतं. आणि म्हणालो काय तर, चहा आणू का.

१६ नोव्हें., रवि.

दादाला फोन. आज भांडायचं नाही ठरवून.

"तो डबा पाठव."

"कुठला? इकोचा? येडा का खुळा? तुळशीची लग्नं झाली, सुपाऱ्या लागल्यात. त्या डब्यानं नाव झालंय पार्टीचं. माणसं इचारत्यात, बँजो काय हिरीत बसून वाजवतोस व्हय."

"ती माझी वस्तू नव्हती दादा."

"मग दिलीस कशाला?"

म्हटलं, निदान मागचं झाकण खोल, आत बारक्या स्क्रूवर लाल ठिपका आहे तो फुटलाय का बघ.

"आत आपल्या रिपेरीवाल्यानं हात घातला हुता एकदा. आवाज वाढीव म्हनलं मी. त्यानं काय केलं, देवाला ठावं."

हात घातला म्हणजे कुठं? स्क्रूला की नुसता वायरीला? म्हणाला, मी काय आत बसलो हुतो का. फोन ठेवला.

१९ नोव्हें., बुध.

चार डबे परत आले. पार्सलं मी फोडली. एकात चिठ्ठी होती, इंग्रजीत. अण्णानं वाचली आणि खिशात घातली. काय लिहिलंय विचारलं तर "काही नाही".

मग सुचलं. निनादचा जुना डबा दोन दिवस मागायचा, त्याच्यावरून सगळे लावायचे. आधी का सुचलं नाही! दुपारी बाहेर जाऊन फोन केला.

"अरे यार," म्हणाला, "शुक्रवारी विकला. दुपटीनं. आता सगळे मार्चपर्यंतचा शोधतायत, कोलकात्याच्या एकानं लगेच पैसे टाकले."

"तुम्हाला आवडायचा ना तो?"

"आवडायचा रे. पण भाव बघून हात सुटला. तुला का पाहिजे होता?"

काही नाही म्हटलं. मी पण अण्णासारखंच बोलायला लागलो.

२० नोव्हें., गुरु.

आठवणीतनं लावून बघितला. गेल्या आठवड्यात ऐकलेला निनादचा डबा कानात धरून. दहा मिनिटं वाटलं, हाच. चहा पिऊन आलो, परत ऐकला, हा नव्हेच. परत फिरवला. मग आठवणीतलाच सरकला. आता ना हा धड ना तो. मुळात कसा होता तेच जगात कुणाला माहीत नाही, एक डबा सोडून, आणि त्यातनं आज करमाळ्याकडं कुठल्यातरी वरातीत बँजो घुमत असेल.

स्क्रूवर ठिपका न देताच ठेवून दिला.

२२ नोव्हें., शनि.

अण्णा विचारतो, "रोज काय लिहितोस रे मागच्या पानावर? वाच की स्वल्प. मराठी कानावर पडू दे, जेवढे आहेत तेवढ्या कानांवर."

वही हातातच होती, ७ तारखेचं पान उघडं. त्याच पानाकडं बघत मी दुसरंच बोललो. आईचा गुडघा, म्हैस व्याली, दादाच्या पार्टीला सुपाऱ्या लागल्या. मधेच अडखळलो तर म्हणाला, "अक्षर लागेना का? घाईत लिहितोस." आणि शेवटी, "चांगलं लिहितोस. घरची आठवण लिहिलेली बरी."

एवढा हलका माणूस मी कधी बघितला नाही. माझं म्हणतोय, त्याचं नाही.

२५ नोव्हें., मंगळ.

काही नाही. दोन जोडले. ऐकलेच नाहीत. बाहेर रिक्षांवर महिनाभर कन्नड राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, त्यातले अर्धे आता फाटले.

२७ नोव्हें., गुरु.

बंद करतोय अण्णा. असलेले परत घ्यायचे, लोकांचे पैसे द्यायचे, डिसेंबरच्या दहा तारखेला शेडची किल्ली जागामालकाला.

"कुणाला म्हणू माझा डबा चांगला म्हणून? मलाच ऐकू येत नाही."

पाकीट दिलं. दोन महिन्यांचा पगार, तीस हजार. मी घेत नव्हतो. "घे रे. तुझी काय चूक?" वर म्हणतो, "तुझा कान चांगला आहे दत्ता. पहिल्यापासून सांगतो मी अक्काला. कुठंही काम मिळेल तुला."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

संडासात जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

२८ नोव्हें., शुक्र.

दादाला परत फोन. ह्या वेळी सगळं सांगितलं. अण्णाचं, कानाचं, पाकिटाचं.

मग म्हणाला, "नवी इको मशीन बारा हजाराला येती. बारा टाक, तुझा डबा घे."

"झाकण खोलून ठिपका बघ म्हटलं होतं."

"आधी पैसं. मग खोलतो. नाहीतर तू म्हणशील फुटलाय, नको, आणि मी बसतो लग्नात मुक्यासारखा."

बरोबर आहे त्याचं. मी तसंच केलं असतं.

ठेवता ठेवता म्हणतो, "का त्यापरीस तूच ये. पैसं नकोत. मशीनवर कुनी नीट बसना झालंय. डबा बी तुझा, जागा बी तुझी." आवाज वेगळाच होता. मी म्हटलं रेंज जातेय.

३० नोव्हें., रवि.

दोन दिवस हाच हिशेब. गावी गेलो तर डबा फुकट मिळतो, पण मग तो इकडं कोण आणणार, आणि मशीनवरनं मला परत कोण उठू देणार. दादाला मी ओळखतो. स्वतःला पण.

अण्णाला आज सांगायला मल्लेश्वरमला गेलो होतो. दारापर्यंत. आत अक्का मोठ्यानं काहीतरी सांगत होती आणि अण्णा "आं? आं?" करत होता. तसाच मेट्रोत बसून परत.

रिकाम्या हातानं सांगून काय? डबा आला, ठिपका धड असला, तर त्याच्या पुढ्यात ठेवून सांगीन. हा खरा, बाकीचे मी बिघडवले, तुमच्या हूं म्हणण्यानं नाही. मग हाकलू दे, मारू दे. दहा तारखेच्या आत पार्सल यायला पाहिजे. आणि ठिपका फुटलेला असला तर

ते तेव्हा.

दादाला लिहिलं, मी येत नाही, पैसे टाकतोय, आजच्या आज झाकण खोल. त्यानं बघितलंय, उत्तर नाही.

अण्णाच्याच पाकिटातले. पाठवतोय, बारा हजार.